बैठकीखालची खूण

सुमन, तुझ्या शोकसभेला दोघंही आले होते. भाऊ आणि अण्णा, एकमेकांविरुद्धच्या दोन पक्षांचे पुढारी. मधे टेबलावर हार घातलेला तुझा फोटो, एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला अण्णा, आणि दोघांच्या चेहऱ्यावर एकाच दुकानातून आणल्यासारखं दुःख.

भाऊ म्हणाला, "सुमनताई खऱ्या देशभक्त. परक्या देशांच्या कारस्थानांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून त्या आमच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या." मग अण्णा उठले. म्हणाले, "सुमनताई म्हणजे ह्याच काळ्या कायद्याची पहिली शिकार." टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. शोकसभेत टाळ्या, सुमन. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं, हा वाक्प्रचार मी वर्गात कितीदा शिकवला असेल. प्रत्यक्ष बघायला मिळाला एकसष्टाव्या वर्षी. मी तोंडाला पदर लावून बसले, तर लोकांना वाटलं बाई रडतेय.

रडत नव्हते. अजूनही नीट रडलेले नाही. काल तुझा तेरावा झाला, लाडू वाढले, पानं उचलली, घरी आले, तरी डोळ्यांत पाणी नाही. नुसती शिसारी. ती त्या दोघांचीच असती तर एव्हाना थुंकून मोकळी झाले असते. पण त्या व्यासपीठावर तिसरी खुर्ची होती आणि तिच्यावर मी होते. त्या खुर्चीचं सांगायचंच आहे. आधी जरा तुझ्याशी बोलू दे, नेहमीसारखं.

निवृत्त झाल्यापासून मंगळवार आणि शनिवार तुझे होते. रोह्याहून सकाळची गाडी, पेणला उतरून रिक्षा, आणि रामवाडीच्या अलीकडे तुमचा कारखाना. पेणच्या बाहेरच्या माणसाला कारखाना म्हटलं की धुराडं आठवतं. आपल्याकडे कारखाना म्हणजे गणपती. अंग रंगवायला बायका खूप, दागिन्यांना वेगळ्या, पण डोळ्यांची आखणी तुझी. आखणीला बसलीस की पंखा बंद, बोलणं बंद, श्वाससुद्धा अर्धाच. हात अडकलेले, डोळे अडकलेले, कान तेवढे मोकळे. म्हणून मी पेपर वाचायचा अशी आपली रीत पडली.

मी बातमी वाचायचे, वर माझं मत ठोकून द्यायचे, आणि मग थांबायचे. तुझं उत्तर एका डोळ्याच्या अंतराने यायचं. रेघ पुरी होणार, ब्रश पाण्यात बुडणार, तू मान वाकडी करून मूर्तीकडे बघणार, आणि मग, "आता बोल. काय म्हणत व्हतीस? चुकीचं बोललीस." तोवर माझा आवाज आपोआप खाली आलेला असायचा. बोलायच्या आधी विचार करा, असं मी नागरिकशास्त्राच्या तासाला तीस वर्षं सांगत आले. तसं करणारं माणूस भेटलं ते नववीत शाळा सोडलेलं.

त्या कायद्याचा मसुदा आला तेव्हा टीव्हीवर नुसता शिमगा चालला होता. परकी सरकारं आपल्या देशात माणसं पेरतात, अफवा पेरतात, माहिती पळवतात, त्याला आळा घालायचा कायदा. एक बाजू म्हणे, विरोध करेल तो देशद्रोही. दुसरी बाजू म्हणे, पाठिंबा देईल तो गुलाम. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी तुला दोन्हीकडची भाषणं वाचून दाखवली. तू एका मूर्तीचे दोन्ही डोळे पुरे केलेस आणि म्हणालीस, "लोकं कायद्याबद्दल काय बोलतात ते वाचतेस. कायदा सोता काय बोलतो ते कवा वाचशील?"

मला लाज वाटली. त्याच संध्याकाळी रोह्याला झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मसुदा छापून घेतला. चार शनिवार आपण तो वाचला, एकेक कलम. मला अडलेला इंग्रजी शब्द मी मराठीत सोडवून सांगायचे, तुला अडलेला अर्थ तू पुन्हा वाचायला लावायचीस. आपल्या आमदार-खासदारांपैकी कोणी तो इतका बारकाईने वाचला असेल, तर त्याच्या पाया पडायला मी रोह्याहून चालत येईन.

आणि आपण भांडलो. काय भांडलो. मी कायद्याच्या विरुद्ध, तू बाजूने. मी म्हणायचे, साप म्हणून भुई धोपटणार हे लोक, सुक्याबरोबर ओलंही जळणार. 'परक्या सरकारच्या फायद्यासाठी केलेलं काम' असं त्यात लिहिलं होतं. मी विचारलं, "फायदा म्हणजे काय गं? तुमच्या मूर्ती बोटीने परदेशी जातात, तिथल्या मंडळाला तिथलं सरकार मैदान देतं. हा कोणाचा फायदा?" तू हसली नाहीस. तुला नानाची आठवण झाली होती.

नाना म्हणजे तुझा मोठा भाऊ. आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर एकदा परक्या मुलखातून आलेला माल उतरला, आणि ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं नाही. मग मुंबईत स्फोट झाले. नाना तिथे एका पेढीवर हमालीला होता. तो जिवंत परत आला, पण उजवा हात कोपरापासून नव्हता आणि एका कानाने ऐकू येत नव्हतं. त्याला तू तेवीस वर्षं जेवायला वाढलंस, आधी कालवून. "कुंपणाने शेत खाल्लं तवा," तू म्हणालीस. "तुज्या पुस्तकात काय ते अधिकार असतील. आमच्या घरात नानाचा हात नाय. कायदा पायजेच." इथे तरी मी थांबायचं. बोलले तरीही. मी म्हणाले की नानाच्या हातासाठी दुसऱ्या कोणाचा तरी हात जाऊ नये. तू पुढची मूर्ती ओढून घेतलीस आणि त्या दिवशी उत्तर आलंच नाही. ते भांडण तसंच राहिलं, सुमन. खरं सांगू, तू बरोबर होतीस आणि मीही बरोबर होते. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं.

मग ते कलम आलं. मसुद्याच्या शेवटी, सगळे कंटाळल्यावर यावं तसं. ह्या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल कोणत्याही अधिकाऱ्यावर कारवाई करता येणार नाही. मी ते झरझर वाचून टाकलं. असली कलमं सगळ्याच कायद्यांत असतात. तू ब्रश खाली ठेवलास. रेघ अर्धी असताना तू ब्रश ठेवलेला मी त्या एकदाच पाहिला.

"परत वाच," म्हणालीस. वाचलं. "म्हंजी चुकीच्या माणसाला उचललं तर?" मी म्हटलं, हेतू चांगला होता म्हणायचं, संपलं. तू समोरची, डोळे काढायची राहिलेली मूर्ती उचललीस, उलटी केलीस, आणि बैठकीच्या तळाकडे बोट दाखवलंस. "आमच्याकडं डोला वाकडा आला तर हितं बघतात. ह्या कायद्याला खाली खूणच नाय गो."

बाहेरच्यांना सांगायला हवं. पेणच्या तुमच्या कारखान्यात आखणी करणाऱ्या प्रत्येकीची खूण ठरलेली. मूर्तीच्या बैठकीखाली पेन्सिलने काढायची, कोणाला दिसत नाही. कोणाची त्रिकोण, कोणाची फुली, तुझी दोन आडव्या रेघा आणि एक टिंब. डोळ्यात दोष निघाला तर मूर्ती उलटी करायची, हात कोणाचा ते कळतं. मला आठवतंय, एका गावच्या मंडळाने मूर्ती परत आणली होती, डावा डोळा किंचित तिरळा. मालक नव्या मुलीवर घसरणार होते. तू सगळ्यांसमोर मूर्ती उलटी केलीस, तळ बघितलास आणि म्हणालीस, "माजा हात." तेवढंच. सबब नाही, चष्म्याचा नंबर नाही. तिथेच बसून डोळा पुसून पुन्हा काढलास, मंडळाची माणसं ताटकळत उभी असताना. मी नागरिकशास्त्राची बाई. जबाबदारी ह्या शब्दाची व्याख्या मी फळ्यावर लिहीत आले, पण ती मला समजली ती त्या दिवशी.

तर तुला कायदा हवा होता, फक्त त्याखाली खूण हवी होती. चुकलं तर कोणाला विचारायचं ते लिहा, एवढं तुझं मागणं. इतकं साधं, इतकं सरळ की ते दोन्ही बाजूंपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

रामवाडीच्या हॉलमध्ये भाऊने त्या कायद्याची जनजागृती सभा लावली. आपण दोघी गेलो. भाऊ माझा रोह्याचा विद्यार्थी. नागरिकशास्त्रात काठावर पास झालेला, तोही मी दोन गुण सोडून दिले म्हणून. माझ्या हातून देशाचं जे काही नुकसान झालं असेल, ते त्या दोन गुणांत आलं. त्याचं भाषण संपलं आणि तू हात वर केलास. त्याला वाटलं बाई आभार मानतेय.

"भाऊ, कायद्याला माजा व्हकार हाय," तू म्हणालीस. "येकच इचारते. चुकून भलत्याला धरलं तर आमी कोणाला धरायचं? शेवटच्या कलमात तर कोणालाच धरता येत नाय असं लिवलंय. त्याच्याखाली खूण कोणाची?"

भाऊने शेजारच्याकडे बघितलं. शेजारच्याने कागद चाळल्यासारखं केलं. तो कागद सत्काराच्या नारळांची यादी होती, मला तिसऱ्या रांगेतून दिसत होतं. मग भाऊ हसला. "ताई, तुम्ही बाप्पाचे डोळे रंगवा. देशाचे डोळे आम्ही बघतो." हॉल हसला. हसण्याने त्याला जोर आला. "आणि हे कलम-बिलम तुम्हाला शिकवलं कोणी? हां? कोणाचं बोलणं आहे हे? नाव सांगा ना त्यांचं."

तू नाव दिलं नाहीस, सरळ त्याच्याकडे बघत उभी राहिलीस. भाऊची नजर रांगांवरून फिरायला लागली.

आता ऐक. त्या वेळी मी उठायचं होतं. मसुदा छापून आणला मी, वाचला मी, इंग्रजीचं मराठी केलं मी. 'मी वाचून दाखवलं, प्रश्न तिचा आहे, आणि तू उत्तर दे', तीन वाक्यं. ज्याला मी कान धरून बाकावर उभं केलं होतं, त्याला तीन वाक्यं. मी पर्सची चेन बघत बसले. उघडली, बंद केली. त्या चेनीत जगातलं सगळ्यात महत्त्वाचं काम असल्यासारखी.

का, ते तुला माहीत नव्हतं. किंवा होतं. माझ्या पोराला, समीरला, त्याची कंपनी बेल्जियमला पाठवणार होती. पासपोर्टचा अर्ज केला आणि पोलीस पडताळणी कुठेतरी अडकली. त्याच्या सगळ्या शिफ्ट सांभाळून पोरगं चकरा मारत होतं. शेवटी मी भाऊकडे गेले. मी. त्याच्या ऑफिसात, त्याच्या खुर्चीसमोर. "मॅडम, तुम्ही कशाला आलात, फोन करायचा," म्हणाला. "होऊन जाईल." सभेच्या चारच दिवस आधीची गोष्ट. माझ्या विद्यार्थ्याकडून मी एक फोन मागितला होता आणि तो अजून व्हायचा होता. म्हणून पर्सची चेन.

सभेनंतर आपण बाहेर आलो. मला वाटलं आता तू बोलशील. तू विचारलंस, "चा घेतेस?" आपण उभ्याउभ्या चहा घेतला. तू माझ्या कपातल्या चहात बिस्कीट बुडवलंस, आपण पाचवीत असल्यासारखं. बोलली असतीस तर बरं झालं असतं, सुमन. तुझ्या त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

दोन दिवसांनी ते फोटो आले. भाऊच्या गोटातल्या एकाने, दोन मुलांच्या बापाने, परदेशी जायच्या खोक्यांतल्या मूर्ती उलट्या करून तळाचे फोटो काढले आणि मोबाइलवर सोडले. 'परदेशात जाणाऱ्या मूर्तींखाली सांकेतिक खुणा. कायद्यावर प्रश्न विचारणाऱ्या बाईच्याच. जागे व्हा.' पेणमध्ये जन्मलेला माणूस, आजाच्या काळापासून कारखान्यांच्या गल्लीत वाढलेला, त्याला बैठकीखालची खूण माहीत नाही? त्याला माहीत होती. मला शिसारी येते ती इथे. अडाणी असता तर क्षमा केली असती.

एक हवालदार आले, चौकशीपुरते. त्यांनीच हसून सांगितलं की आमच्या घरच्या गणपतीखाली दरवर्षी ह्याच दोन रेघा आणि टिंब असतं. गेले. पण मोबाइलवरून सुटलेलं परत येत नाही. मालक घाबरले. त्यांनी बायकांना पॉलिशपेपर दिला आणि सगळ्या मूर्ती उलट्या करून सगळ्यांच्या खुणा घासून काढायला लावल्या. तुला म्हणाले, ताई, आठ दिवस घरी थांबा, वातावरण निवळू दे. तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा तुला अपमानाचं नव्हतं पडलं. "आता डोला वाकडा आला तर कोणाला सांगनार गो?" हाच तुझा घोर.

तेवढ्यात अण्णा धावून आले. आगीवर पोळी भाजायला माणूस धावतो तसे. एसटी स्टँडसमोर तुझा भलामोठा बॅनर लागला, 'काळ्या कायद्याची पहिली शिकार', बाजूला अण्णांचा नमस्कार करतानाचा फोटो, तुझ्या फोटोपेक्षा मोठा. तू छत्री घेऊन त्यांच्या घरी गेलीस. "अण्णा, माजा फोटो उतरवा. मी कायद्याच्या बाजूची हाय. मला नुसतं त्याच्याखाली खूण पायजे." अण्णांनी तुला खुर्ची दिली, सरबत दिलं आणि समजावलं की ताई, तुम्हाला राजकारण कळत नाही, तुम्ही आमच्याच आहात. फोटो उतरला नाही. त्यांनीही मसुदा वाचला नव्हता. शेवटचं कलम कोणतं, हे तू त्यांना तिथे सांगितलंस, तेव्हा त्यांनी ते लिहून घेतलं, पुढच्या भाषणासाठी.

घरी येऊन मला फोन केलास. "मी कायद्याच्या बाजूची हाय गो, शैला," म्हणालीस. "ह्या दोगांच्या बाजूची नाय." आणि हसलीस. तुझं ते हसणं मी शेवटचं ऐकलं.

कारण नंतरचे दोन आठवडे मी आलेच नाही. गुडघा दुखतो म्हणाले. गुडघा दुखत होता, पण तो गेली आठ वर्षं दुखतोय. तुझ्यासमोर बसून पेपर वाचायचं तोंड मला राहिलं नव्हतं. मालकांनी तुला परत बोलावलं, कारण तुझ्यावाचून डोळे जमत नव्हते, हेही मला दुसऱ्यांकडून कळलं. मग मंगळवारी सकाळी तुझ्या सुनेचा फोन आला. चूल पेटवून चहाचं आधण ठेवलंस आणि तिथेच बसलीस, म्हणाली. डॉक्टर म्हणाले हृदय. ह्या लोकांनी तुला मारलं असं मी म्हणणार नाही; ते अण्णांचं भाषण झालं. तुझं हृदय तुझ्या आईसारखंच कच्चं होतं. पण शेवटचे दिवस ह्यांनी तुझे नासवले, आणि त्यातले दोन शनिवार मी.

नागोठण्याला अंबा नदीचं पाणी शिरलं होतं, आठवतं? आमच्या माहेरच्या घरात छातीपर्यंत. नातेवाइकांचे फोन आले, काळजी घ्या म्हणून. तू आलीस. रस्ता बंद, एसटी बंद, कुठून कशी आलीस ते कधी सांगितलं नाहीस. डोक्यावर तांदळाच्या भाकऱ्यांचं फडकं आणि हातात दोन फावडी. एक मला दिलंस. तीन दिवस तू आमच्या घरातला चिखल उपसलास आणि माझ्या आईला सांगितलंस, "काकी, तुमी नुसतं बसा, तुमी दिसलात की आमाला काम सुचतं." आई मरेपर्यंत तुझं नाव काढायची. मी मात्र तुझ्यासाठी तीन वाक्यं बोलले नाही. हिशेब मांडत नाही, पण ह्या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारीच राहतात.

आता ती खुर्ची. शोकसभा ठरली तेव्हा मालकांनी सांगितलं, मॅडम, तुम्ही बालमैत्रीण, तुम्ही वर बसायचं, शेवटी दोन शब्द बोलायचे. मी ठरवून आले होते. रोह्यापासून गाडीत वाक्यं घोकत आले. टेबलावर तुझा फोटो ठेवला होता तो अण्णांच्या बॅनरमधला कापलेला. खालच्या कडेला 'शिकार' शब्दाचा वेलांटीसकट एक तुकडा राहून गेला होता, त्यावर कोणीतरी झेंडूचं फूल चिकटवलं होतं. मी ते बघत होते, तेवढ्यात भाऊ वाकून माझ्या पाया पडला. सगळ्यांसमोर. आणि वाकलेला असतानाच हळू म्हणाला, "मॅडम, समीरचं झालं बरं का. ह्या आठवड्यात पासपोर्ट येईल."

माझं नाव पुकारलं. मी माइकसमोर गेले. म्हणाले, "सुमन माझी मैत्रीण होती. फार चांगली होती." आणि येऊन बसले. मला टाळ्या पडल्या नाहीत, एवढीच देवाची कृपा.

पासपोर्ट आला. समीरच्या कपाटात आहे. महिन्याभरात तो जाईल.

खाली उतरले तेव्हा मालक मला बाजूला घेऊन गेले. कारखान्यात. तू शेवटच्या चार दिवसांत केलेल्या मूर्ती मांडून ठेवल्या होत्या, तोंडावर कागद झाकलेल्या. म्हणाले, "मॅडम, मी ताईंना सांगितलं होतं की खूण करू नका. त्यांनी ऐकलं नाही. काय केलंय बघा." त्यांनी एक मूर्ती आडवी धरली. बैठकीखाली दोन रेघा नव्हत्या, टिंब नव्हतं. नववीतल्या त्या गोल अक्षरात पेन्सिलने लिहिलं होतं, सुमन पाटील, पेण. दुसरी बघितली. सुमन पाटील, पेण. सगळ्यांखाली तेच. मालकांनी तुला विचारलं होतं म्हणे. तू म्हणाली होतीस, "खुणेला लोकं घाबरतात ना? मग नावच लिवते. ज्याला इचारायचंय त्यानं घरी यावं."

मालकांनी ती नावं घासली नाहीत. मला हळूच म्हणाले, तशीच जाऊ देतो.

इथल्या साप्ताहिकाचे संपादक मागे लागले होते, तुमच्या मैत्रिणीवर लिहा. मी हे इथवर लिहिलं आणि दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "बाई, छापतो. पण नाव नको. 'एक मैत्रीण' असं टाकू. तुमच्या मुलाचं जायचं आहे." मी म्हटलं, विचार करून सांगते.

समीरला वाचून दाखवलं. आधी त्याला भाऊचं कळलं, मी फोन मागितल्याचं. तेव्हाच त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "आई, एक महिना थांब ना. मी गेलो की छाप." तो चुकीचं बोलत नव्हता. त्याला नोकरी आहे, दोन वर्षं त्याने ह्यासाठी घासली आहेत, आणि उद्या एखाद्या कागदाची पुन्हा पडताळणी निघू शकते, कशी निघते हे मी बघितलं आहे. त्याला शिफ्टला जायचं होतं. बूट घालता घालता म्हणाला, "मावशी काय म्हणाली असती?" मी म्हटलं, ती आधी डोळा पुरा करेपर्यंत गप्प बसली असती. तो थोडा हसला. "आणि मग?" मग म्हणाली असती की चुकीचं बोललास. तो गेला. दार मात्र आपटलं नाही.

मी दिवसभर बसले. एक महिना थांबायला हरकत काय, असं स्वतःलाच विचारून बघितलं. मग लक्षात आलं की सभेतही मी हेच म्हटलं होतं, फोन होईपर्यंत. शोकसभेतही, पासपोर्ट येईपर्यंत. उद्या म्हणेन, विमान उडेपर्यंत. माझा हेतू प्रत्येक वेळी चांगलाच होता. त्या शेवटच्या कलमात मी स्वतः किती आरामात बसते, हे तुला दिसलं होतं का गं? दिसलं असणार. तरी माझ्या कपात बिस्कीट बुडवलंस.

कायदा तिकडे पुढे सरकतोय. ते कलम जसंच्या तसं आहे. भाऊ आणि अण्णा दोघांनाही तुझ्या नावाने चौक हवा आहे, त्यावर आता त्यांचं भांडण लागलंय. त्यांना लागू दे.

मी संपादकांना फोन केला. म्हटलं, त्या सभेत भाऊने विचारलं होतं, हिला कलमं कोणी शिकवली, नाव सांगा. ते नाव द्यायचं राहून गेलंय. मसुदा मी वाचून दाखवला. प्रश्न सुमनचा. ह्या मजकुरात काही वाकडं असेल, तर हात माझा.

शैलजा कडू,
निवृत्त शिक्षिका, रोहा.
ज्याला विचारायचं आहे त्याने घरी यावं.